टिपणिसांचा उलटा धोतरा

विमा कचेरीत उभा जन्म घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर झाड लावू नये, असा काही कायदा नाही. पण असायला हरकत नव्हती, असं खांदा कॉलनीतल्या शुभंकर सोसायटीचं एकमत आहे. आणि ज्या सोसायटीने पाण्याच्या टाकीचा रंग ठरवायला दोन सर्वसाधारण सभा खाल्ल्या, तिचं कशावर तरी एकमत होणं ही साधी बाब नव्हे.

कुमार टिपणिसांना झाड हवं होतं ते साधं नाही. साधी झाडं त्यांच्या बायकोची, वसुंधराबाईंची. त्यांच्या ग्रिलमध्ये तुळस, गवती चहा, मोगरा आणि कढीपत्ता दाटीवाटीने पण गुण्यागोविंदाने नांदत. भाजीतल्या पुदिन्याच्या उरलेल्या काड्या बाईंनी कुठेतरी टाकायच्या म्हणून कुंडीत खोचल्या, तर आठवड्यात त्यांना पालवी. उलट टिपणिसांनी आजवर जे जे लावलं ते ते गेलं. मनीप्लांटसुद्धा गेला. मनीप्लांट मारणं सोपं नाही, त्यासाठी माणसाच्या अंगात काहीतरी असावं लागतं. "एकेकाच्या हाताला गुण असतो, एकेकाच्या नसतो," असं वसुंधराबाई म्हणत, आणि त्यात टोमणा नसे. टिपणिसांना तेच जास्त लागे. टोमण्याला उत्तर देता येतं, सहानुभूतीला काय देणार?

म्हणून त्यांनी ठरवलं की एक झाड, फक्त एक, आपल्या हाताने बियापासून वाढवायचं. आणि ते असं हवं की जे वसुंधराबाईंनी कधी लावलेलं नाही, म्हणजे तुलनेचा प्रश्नच येणार नाही. मोबाईलवर शोधता शोधता त्यांना ब्रुगमान्सिया दिसलं. धोतऱ्याच्या गोतावळ्यातलं झाड, पण पुरुषभर उंचीपेक्षाही वर जाणारं. धोतरा आपलं फूल वर तोंड करून धरतो. याची वीतभराहून लांब फुलं खाली मान घालून लोंबतात आणि दिवेलागणीला वास सोडतात. निलगिरीकडच्या एका नर्सरीतून टिपणिसांनी बी मागवलं.

पुडकं आलं तेव्हा खाली तळमजल्यावरचे दयाराम म्हात्रे उभे होते. म्हात्रे मूळचे उरणकडचे, बंदरावर पाळीच्या नोकरीत. सोसायटीतल्या कुठल्याही पार्सलविषयी मत देणं ही जबाबदारी त्यांनी आपणहून उचललेली होती. त्यांनी मोबाईलवरचं चित्र बघितलं, मग टिपणिसांकडे बघितलं.

"टिपनीससाहेब, ह्यो धोतरा हाय. आमच्या गावाला उकिरड्यावर आपोआप उगवतो. तुमी कुरियरनी मागवलात?"

"धोतरा वर बघतो, म्हात्रे. हा खाली बघतो."

"म्हंजे उलटा धोतरा," म्हात्रे म्हणाले, आणि त्या दिवसापासून झाडाचं शास्त्रीय नाव बुडालं.

बी अजून पुडीत होतं तोच सेक्रेटरी निनाद सबनीस घरी आला. निनाद वयाने लहान, पण कायद्याने मोठा. "काका, ग्रिलच्या बाहेर कुंडी ठेवायची तर कमिटीचा ठराव लागेल."

"अजून रुजलं नाहीये रे."

"रुजल्यावर उशीर होतो, काका."

अशा रीतीने शुभंकर सोसायटीच्या मासिक सभेत, जे झाड अस्तित्वात नव्हतं त्याच्यावर तासभर चर्चा झाली. उंची किती होणार, असं कुणीतरी विचारलं. टिपणिसांनी अभिमानाने बारा फूट सांगितलं, आणि तिथेच चुकलं. बारा फूट म्हटल्यावर वजन आलं, वजन म्हटल्यावर स्लॅब आला, आणि स्लॅब म्हटल्यावर गळती हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आला. गळतीवरून सभा परत झाडावर आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आशालताबाईंमुळे. आशालताबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वाचून दाखवलं की या झाडाचं पान, फूल, मूळ आणि बी, सगळं विषारी असतं. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांची बाहुली मोठी होते, नाही नाही ते दिसायला लागतं, आणि फार पोटात गेलं तर माणूस जातो.

गळतीसुद्धा मागे पडली.

"समजा कोणी खाल्लं तर?" निनादने विचारलं.

"कोण खाणार?"

"म्हणजे लहान मुलं, पाहुणे, म्हातारी माणसं..."

"म्हातारी माणसं म्हणजे कोण?" आशालताबाईंनी विचारलं. निनादने तो मुद्दा मागे घेतला.

टिपणीस उठून उभे राहिले. माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात जेव्हा त्याने बसून राहायला हवं असतं. "माझ्या झाडामुळे या सोसायटीत कोणाचा केस जरी वाकडा झाला," ते म्हणाले, "तर जबाबदारी माझी. सगळ्यांसमोर सांगतो." टाळ्या पडल्या नाहीत, पण निनादने ते इतिवृत्तात घेतलं आणि झाड घरात, स्वतःच्या जोखमीवर लावायला परवानगी मिळाली.

यानंतर फक्त झाड उगवायचं बाकी होतं.

ज्या माणसाच्या व्हिडिओवर टिपणिसांची भिस्त होती तो कुठल्याशा बर्फाळ मुलुखात राहत होता. मागे खिडकीत बर्फ, अंगात स्वेटर. त्याचं म्हणणं, बियाला ऊब हवी, उबेशिवाय बी जागं होत नाही. टिपणीस अटी आणि शर्ती अक्षरशः पाळणारे. बाहेर पनवेलचा जून महिना अंगातून घामाच्या धारा काढत होता, घरात पंखा पाचावर होता, आणि टिपणीस कुंडीला गरम पाण्याची रबरी पिशवी बांधून दर दोन तासांनी पाणी बदलत होते. आठवड्याने त्यांनी माती उकरून बघितली. वसुंधराबाईंनी एक बी बोटांत दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "शिजलंय."

दुसऱ्या खेपेला आशालताबाईंनी सल्ला दिला. "बियांशी बोलावं लागतं, कुमार. मुलांशी बोलतो तसं." टिपणीस कचेरीत सुद्धा कामापुरतंच बोलत. तरी रोज सकाळी चहा झाला की ते कुंडीसमोर बसत. पहिल्या दिवशी त्यांनी बियांना नमस्कार म्हटलं, आणि पुढे काही सुचेना म्हणून मुदतीच्या विम्याची माहिती दिली. या खेपेला कुंडीत बुरशी आली. आशालताबाईंनी ती पाहून, तुझ्या बोलण्यात ओलावा नसणार, असं निदान केलं. बुरशी ओलाव्यानेच येते हे टिपणिसांच्या तोंडाशी आलं होतं, पण निवृत्त मुख्याध्यापिकेची चूक काढायला लागणारं धैर्य त्यांच्या पिढीकडे नाही.

आता शेवटचं चिमूटभर बी उरलं होतं. टिपणिसांनी त्या स्वेटरवाल्याचा व्हिडिओ पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं की या बियाला बाहेरून बुचासारखं जाड साल असतं, ते भिजवून काढलं तर बी लवकर रुजतं. त्यांनी हे वसुंधराबाईंना सांगितलं.

"म्हणजे वालासारखं," बाई म्हणाल्या. "एवढं आधी सांगायचं नाही का? भिजवा, साल काढा, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधा. मोड आले की लावा."

वाल हा टिपणिसांच्या घरातला पोरखेळ नव्हे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं घर आणि श्रावणातला सोमवार म्हणजे संध्याकाळी उपास सोडायला वालाचं बिरडं हवंच. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, की आत पांढरी डाळिंबी. वसुंधराबाईंच्या बिरड्याची ख्याती खांदा कॉलनीत पक्की होती. श्रावणी सोमवारी त्यांच्याकडून वाटी यावी म्हणून लोक वर्षभर त्यांच्याशी नीट बोलत.

तर त्या आठवड्यात टिपणिसांच्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला दोन पुरचुंड्या लोंबत होत्या. एक वालाची, एक उलट्या धोतऱ्याची. दोन्ही वसुंधराबाईंच्या एकाच जुन्या मलमलच्या साडीच्या फडक्यातल्या. टिपणीस रोज आपली पुरचुंडी सोडून बघत, पाणी शिंपडत आणि परत बांधत. रविवारी त्यांना बियांना टोक फुटल्यासारखं वाटलं. त्यांनी वसुंधराबाईंना बोलावून दाखवलं. बाई चष्मा लावून बघत म्हणाल्या, "असेल." टिपणिसांना इतका आनंद अलीकडे झाला नव्हता.

सोमवारी दुपारी वसुंधराबाई वाल सोलत होत्या तेव्हा लाईट गेली. ढग भरून आल्यामुळे स्वयंपाकघरात काळोख होता. पण वाल सोलणाऱ्या बाईला लाईट लागत नाही. संध्याकाळी बिरडं झालं. बाईंनी तीन वाट्या भरल्या. "म्हात्र्यांकडे, आशालताबाईंकडे आणि निनादकडे देऊन या. मी देवळात जाऊन येते, आज रांग असणार." फोन चार्जिंगला लावून, बेल आणि फुलांचं ताट घेऊन त्या निघून गेल्या.

टिपणिसांनी तिन्ही वाट्या पोचवल्या. वाट्या पोचवण्याचं काम त्यांना आवडे, त्यात चूक होण्याजोगं काही नव्हतं. घरी येऊन ते आपल्या पुरचुंडीकडे गेले.

खिळा रिकामा होता.

दोरीवर दोन मलमलची फडकी स्वच्छ धुऊन शेजारी शेजारी वाळत होती. ओट्यावर सालांचा ढीग होता. टिपणिसांनी तो विसकटून पाहिला, मोरीत पाहिलं, कुंड्यांत पाहिलं, डब्यांत पाहिलं. बी कुठेही नव्हतं. अंधारात सोललेले वाल, अंधारात सोडलेल्या दोन पुरचुंड्या, आणि आता तीन घरांत तीन वाट्या. टिपणीस ओट्याला धरून उभे राहिले. सभेतलं स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू येऊ लागलं. झाड गेलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. आपण माणसं मारली, एवढंच त्यांना दिसत होतं.

वसुंधराबाईंना विचारावं तर त्यांचा फोन समोरच भिंतीला लागलेला. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे वाट्या परत आणणं. टिपणीस चपला न घालता तिसऱ्या मजल्यावर धावले.

"आशालताताई, ती वाटी जरा परत हवी होती."

"अरे, आत्ता तर दिलीस. रिकामी वाटी कशी देऊ? थांब, साखर तरी घालते."

"रिकामी नको. भरलेलीच द्या."

"मग भरूनच देते म्हणतेय ना!"

"त्याच बिरड्याने भरलेली."

आशालताबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगावं तर घबराट उडणार, आणि आधी कारण सांगितलं तर म्हातारीच्या छातीत धस्स होऊन बिरड्याच्या आधी तेच तिला नेणार. टिपणिसांनी जगातल्या कुठल्याही नवऱ्याने करू नये ते केलं. "बिघडलंय ते," ते म्हणाले.

"काय बिघडलंय?"

"बिरडं."

गेली कित्येक वर्षं आशालताबाई हे वाक्य ऐकायला आसुसल्या होत्या, पण पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. टिपणीस अडवेपर्यंत त्यांनी चमचा तोंडात घातला. "मीठ बरोबर आहे. आमसूल बरोबर. गूळही बेताचा. काय बिघडलंय?"

"आतून बिघडलंय," टिपणीस म्हणाले आणि वाटी घेऊन पळाले. मग जिन्यातून परत वर आले. "ताई, तुमच्या तोंडाला कोरड पडली आहे का?"

"कुमार, वसुंधरेने यात घातलंय तरी काय?"

निनादकडे त्याच्या बायकोने, चारुताने, दार उघडलं. निनादने एकच घास खाल्ला होता, बाकी सगळं फ्रीजमध्ये. तिने वाटी लगेच आणली, पण तिच्या सासरीसुद्धा नुसती वाटी परत देत नसत, म्हणून बिरड्यावर एका छोट्या डब्यात दोन पेढे ठेवले. निनादने काही विचारलं नाही. तो सेक्रेटरी होता, त्याने सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'टिपणीस काकूंचं बिरडं कोणी खाऊ नये. काका स्वतः परत नेत आहेत. कारण कळल्यावर कळवण्यात येईल.' पहिलं उत्तर बी विंगमधून आलं, की आम्हाला बिरडं आलंच नाही. मग दुसरं आलं, की आम्हालाही नाही. मग ज्यांना कधीच येत नसे त्यांनी इतक्या वर्षांचं मन मोकळं केलं.

उरली म्हात्र्यांची वाटी. दमयंतीवहिनींनी ती टिपणिसांच्या हातात ठेवली. घासून पुसून लख्ख, आणि आत नारळाच्या वड्या.

"बिरडं?" टिपणिसांनी विचारलं.

"खाल्लं ना. दिवसभर उपास, पानी पन घेतला नाय. भाकरीनी वाटी पुसून खाल्ली आनि झोपलं. रात्रपाळी हाय ना त्यांची."

"झोपले? म्हणजे कसे झोपले?"

"कसं झोपतात मानसं? आडवे."

टिपणिसांनी तिथेच व्हरांड्यात उभं राहून विषबाधेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी भाषा निवडायला सांगितली, मग वाट बघायला सांगितलं, मग एका मुलीने रुग्णाचं नाव विचारलं.

"अजून रुग्ण नाहीये. झोपलेत."

"म्हणजे बेशुद्ध आहेत का?"

"नाही. रात्रपाळी आहे."

"सर, लक्षणं काय आहेत?"

"तेच बघायचं आहे."

"लक्षणं दिसली की लगेच रुग्णालयात न्या, आणि फोन करायचा झाला तर रुग्ण समोर असताना करा," मुलीने समजुतीच्या आवाजात सांगितलं आणि सेवेचा दर्जा कसा वाटला, असा संदेश पाठवला.

तेव्हा लक्षणं बघणं आलं. दमयंतीवहिनींना बाजूला सारून टिपणीस आत गेले, म्हात्र्यांच्या उशाशी वाकले, एका हाताने त्यांची पापणी वर केली आणि मोबाईलची बॅटरी डोळ्यात मारली. बाहुली मोठी होती की लहान, ते त्यांना कळेना, कारण म्हात्र्यांची बाहुली एरवी केवढी असते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"ओ साहेब, काय करता तुमी?" मागून दमयंतीवहिनी.

म्हात्रे ताडकन उठून बसले. "कोन हाय?"

"मी टिपणीस. म्हात्रे, तोंड कसं वाटतंय?"

"सुकलंय."

टिपणीस आणखी जवळ वाकले. "आणि दिसतंय काय?"

"तुमी दिसता."

"आणखी?"

"तुमच्यामागं पिवली पिवली गोल हायती. हालतात."

टिपणीस म्हात्र्यांच्या पलंगाशी मटकन खाली बसले. एव्हाना दारात आशालताबाई, निनाद, चारुता आणि बी विंगमधली काही बिरडं न मिळालेली माणसं जमली होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी हात जोडले. "म्हात्रे, मला क्षमा करा. तुमच्या पोटात माझं बी गेलंय. आशालताताईंच्याही, निनादच्याही. दोन्ही पुरचुंड्या एकत्र झाल्या. विषारी आहे ते. जबाबदारी माझी, मी सगळ्यांसमोर बोललो होतो. मला काय करायचं ते करा, पण आधी हॉस्पिटलात चला."

मग सगळे एकदम बोलले. आशालताबाईंनी भिंत धरली आणि आपल्यालाही पिवळं दिसत असल्याचं जाहीर केलं. निनादने रुग्णवाहिका बोलवावी की रिक्षा, असं विचारलं. रुग्णवाहिका गेटातून आत येणार नाही, कारण तिथे कुणाची तरी गाडी कायम आडवी असते, असं बी विंगने सुनावलं, आणि ती गाडी कुणाची यावर बोलणं वळलं. म्हात्रे मात्र शांत बसून होते. त्यांनी बायकोला विचारलं, "उरलाय का थोडा?"

अशा वेळी वसुंधराबाई रिकामं ताट घेऊन जिन्याशी आल्या. नवरा परक्याच्या पलंगाशी जमिनीवर, आणि भोवती निम्मी सोसायटी. "काय झालं हो?"

"वसुंधरा," टिपणीस कसेबसे म्हणाले, "माझी पुरचुंडी..."

"ती होय? ते बी मी महादेवाला वाहिलं."

"वाहिलं?"

"धोतऱ्याच्या जातीचं ना? महादेवाला धोतरा लागतो. मी निघण्याआधी विचारलं होतं तुम्हाला. तुमच्या कानात ते व्हिडिओ ऐकायचं यंत्र होतं, तुम्ही 'हं' म्हणालात."

टिपणिसांनी डोळे मिटले. 'हं' म्हणाल्याचं त्यांना आठवत होतं. कशाला, ते आठवत नव्हतं.

"पण अंधारात तू वाल सोललेस," ते म्हणाले, "मला वाटलं, त्यात..."

"काय वाटलं?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "डाळिंबी कुठली आणि तुमचं ते चपटं बी कुठलं, हे मला बोटांना कळत नाही? तुमच्या आईच्या हाताखाली वाल सोललेत मी!"

"तसं नाही, वसुंधरे," आशालताबाई भिंत सोडून पुढे आल्या. त्यांचं पिवळं दिसणं थांबलं होतं. "कुमार म्हणाला, बिरडं बिघडलंय. आतून बिघडलंय म्हणाला."

माणसाचा जीव वाचला की त्याला वाटतं, आता संपलं. टिपणिसांना तसं वाटायला अवधी मिळाला नाही. वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे जे बघितलं, त्यापुढे मदत क्रमांकावरची मुलगी फारच मायाळू होती. मग बाईंनी परत आलेल्या दोन्ही वाट्या मागवल्या, त्या म्हात्र्यांच्या समोर ठेवल्या, म्हात्र्यांनी त्या सगळ्यांच्या देखत पुसून खाल्ल्या आणि पाळीवर गेले. उरलेलं बिरडं बी विंगमध्ये गेलं. टिपणिसांच्या वाट्याला नारळाची वडी आली.

वसुंधराबाई पुढच्या सोमवारपर्यंत कामापुरतंच बोलत होत्या. मग एका संध्याकाळी ग्रिलमधल्या मोगऱ्याला पाणी घालताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दोनदा गेलं ना तुमचं. तिसऱ्यांदाही गेलं असतं, तर तुमचं तोंड मला बघवलं नसतं. म्हणून वाहिलं. म्हटलं देवा, यांना एवढी हौस आहे, आता तूच बघ."

टिपणिसांनी बाईंच्या हातातला तांब्या घेतला, आणि कढीपत्त्याला पाणी घातलं. कढीपत्ता सुदैवाने जगला.

पनवेल गावातलं ते तळ्याकाठचं महादेवाचं देऊळ लहान आहे. देवावरचं बेल-फूल बाळू गुरव रोज देवळामागच्या खड्ड्यात टाकतो. तिथे देवाच्या अभिषेकाचं पाणी झिरपतं आणि जुन्या पिंपळाची सावली असते. बर्फाळ मुलखातल्या माणसाने जे जे सांगितलं होतं त्यातलं उबेखेरीज सगळं तिथे होतं, आणि ऊब पनवेलात मागावी लागत नाही. पहिल्या पावसाळ्यात कोणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर झाड भिंतीच्या वर आलं. थंडीत त्याला फुलं लागली, फिकट पिवळी, हातभर लांब, सगळी खाली मान घालून.

महाशिवरात्रीला रांग तळ्यापर्यंत गेली. "धोतरा वर बघतो," बाळू गुरव येणाऱ्या जाणाऱ्याला समजावत होता, "हा देवापुढं मान खाली घालून आहे. कोणी लावला नाही, आपोआप आला. स्वयंभू."

टिपणिसांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे बी आपलं आहे.

"असेल, काका," बाळू सवयीने म्हणाला. "परवा खारघरचे एक आले होते, ते पण त्यांचंच म्हणत होते."

हे सोसण्याजोगं होतं. पण एका बाईने गळलेली पाकळी उचलून, प्रसाद म्हणून मुलाच्या तोंडाशी नेलेली टिपणिसांनी बघितली आणि ते ओरडले, "तोंडात घालू नका! विषारी आहे!" बाईला राग आला. देवाच्या झाडाला विषारी म्हणता, असं मागच्या माणसाने विचारलं. महादेवाने तर विषच प्यायलं होतं, असं त्याच्या मागच्याने सांगितलं. टिपणीस हटले नाहीत. त्या दिवसापासून ते दर सोमवारी झाडापाशी उभे राहतात आणि कोणी हात पुढे केला की, "कपाळाला लावा, तोंडात नको," असं सांगतात. उन्हात उभा राहणारा, कुणाकडून काही न घेणारा हा म्हातारा कोण, ते लोकांना ठाऊक नाही. एकदा कामोठ्याच्या एका जोडप्याने त्यांच्या पायाला हात लावला. टिपणिसांनी पाय मागे घेतले, पण जरा उशिराच.

यंदा थंडीत वसुंधराबाई त्यांच्यासोबत रांगेत होत्या. फुलं नेहमीपेक्षा जास्त होती. पुढची बाई वळून म्हणाली, "कित्ती सुंदर आहे ना! कोणी लावलं असेल हो हे?"

टिपणिसांचं उत्तर दोन वर्षं तयार होतं. शब्द न् शब्द पाठ होता. पण त्यांच्या आधी वसुंधराबाई बोलल्या. "आमच्या यांनी," त्या म्हणाल्या. "सगळं यांनीच केलं. भिजवलं, सोललं, मोड आणले. मी नुसतं देवापाशी नेलं."

टिपणिसांनी बायकोकडे बघितलं. हे वाक्य ऐकायला त्यांनी एवढा सगळा खटाटोप केला होता, आणि आता ते ऐकल्यावर ते गिळून गप्प बसणं त्यांना जमेना. "नाही हो," ते त्या बाईला म्हणाले. "माझ्या हाताने काही जगत नाही. हे हिचं आहे. हिने नेलं नसतं तर तेही गेलं असतं."

"काहीतरीच. तुमचंच आहे."

"तुझं आहे, वसुंधरा."

ती बाई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे कोणीच नाही लावलं," ती म्हणाली, आणि तिने झाडाला मनोभावे हात जोडले.

मागून रांग ढकलत होती. टिपणिसांनी आणि वसुंधराबाईंनीही हात जोडले.